लांबलेली रेघ

ताई गेल्यावर सुरुवातीचे काही रविवार पडद्यावर काहीच आलं नाही. येणार तरी कुठून? तिचा सेंडर, रेडिओवरून खूण पाठवायचं यंत्र, मीच सोडवून आणला होता. तो माझ्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता. तिच्या छपरापासून पार कुंपणाबाहेरच्या झाडापर्यंत ताणलेली लांबलचक तार तिच्या जावयाने कापून वेटोळं करून ठेवली होती. तरी मी आपली रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरसमोर बसायची. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जातेच, तसं.

मी कपडे अल्टर करते. कमरेत सैल, छातीत घट्ट, बाह्या आखूड, सगळं जग माझ्याकडे चुकीच्या मापात येतं. रेडिओचा नाद ताईचा. ती माझ्याहून बरीच मोठी, आणि लहानपणापासून तिला जे लागेल त्यात मला ओढणार. लोक रेडिओवर गप्पा मारतात. ताईला त्यात रस नव्हता. तिला हवी होती सगळ्यात खालची पट्टी, जिथे एकेक लाट गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब असते आणि आपल्यासारख्या हौशी माणसाच्या तारेतून जेमतेम काजव्याएवढी ताकद बाहेर पडते. तेवढ्यावर मैलोन्‌मैल जायचं, म्हणजे सावकाश जायचं. एक ठिपका एक मिनिटाचा, एक रेघ तीन मिनिटांची. कानाला यातलं काही ऐकू येत नाही. कॉम्प्युटर तासन्‌तास ऐकतो आणि काळ्या पडद्यावर, वाळूसारख्या सळसळत्या खरखरीत, एक फिकट निळी रेघ उमटत जाते. ‘कशी आहेस’ विचारायला अख्खी संध्याकाळ.

“एवढ्या वेळात मी बसने येऊन विचारलं असतं,” मी एकदा म्हणाले.

“मग त्यात काय गंमत?” ताई म्हणाली.

तिची खूण ठरलेली होती: दोन रेघा, एक ठिपका, परत एक रेघ. सेंडरचं बटण ती हाताने दाबायची, समोर स्वयंपाकघरातलं टायमर ठेवून. शेवटच्या रेघेला ती चहाचं आधण ठेवायला उठायची, बटणावर वजन म्हणून खलबत्त्यातला बत्ता ठेवून. म्हणून तिची शेवटची रेघ कायम लांबायची. हजार सेंडर एकत्र असते तरी मी ती ओळखली असती.

पण ओळखण्यावर ताईचा विश्वास नव्हता. “ओळखीचं दिसलं म्हणजे आलं असं नाही,” ती म्हणायची. “माणसाला हवं ते दिसतं. तुला माहीत नसलेलं काहीतरी आलं, तरच आलं.” म्हणून खुणेनंतर ती एक आकडा पाठवायची. हाताला लागेल ते पुस्तक उघडायचं, पानाच्या नंबरातला शेवटचा आकडा घ्यायचा, कुणाला सांगायचा नाही. मी तो फोनवर बरोबर सांगितला तरच तो रविवार धरायचा. मी चुकले तर खूण कितीही ठळक दिसलेली असो, रविवार फुकट. शिवाय बाई अधूनमधून आकडा पाठवायचीच नाही आणि फोनवर साळसूदपणे विचारायची, “काय आला गं आज?” मी कधी फसले नाही. काही आलं नाही म्हटलं की हिरमुसायची.

तर ती गेली. आणि मग एका रविवारी, दिवे लागायच्या वेळेला, पडद्याच्या खालच्या अंगाला काहीतरी जमायला लागलं. दुधावर साय धरते तसं, आधी आहे की नाही कळेना. दोन रेघा. ठिपका. मग परत एक रेघ, आणि ती संपेना. तीन मिनिटं झाली, चार झाली. मी उठून दुकानाचे सगळे दिवे लावले. रेघ लांबतच होती. चहाचं आधण ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढी लांबली आणि थांबली.

मी दाजींना फोन केला. तिथे चुकले.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. आयुष्यभर मोटार शिकवली. दोन ब्रेकवाल्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून त्यांचा उजवा पाय इतका तयार झाला होता की नात जिना भरभर उतरली तरी यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. रेडिओतलं त्यांना शून्य कळायचं, पण बायकोच्या शेजारी बसून दर रविवारी पेपर वाचायचे. आता ते त्या घरात एकटे होते. ताईने ते घर मुद्दाम वस्तीपासून लांब, मिठागरांच्या पलीकडे घेतलेलं. वस्ती असली की विजेची खरखर येते. खरखर नाही तिथे शेजारही नाही, आणि डॉक्टर तर तास-दीड तासावर.

“तिची खूण आली,” मी फोनवर म्हणाले.

पलीकडे पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, “शेवटची रेघ?”

“लांबलेली.”

“असं होय,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बसता झाला, खुर्ची मिळालेल्या माणसासारखा.

पुढच्या रविवारी ती परत आली. त्याच्या पुढच्या रविवारी जरा ठळक. मी सेंडर काढून बघितला. चादरीत होता, बॅटरीशिवाय. त्याच्यावर मी रद्दी कपड्यांचं गाठोडं ठेवलं. गाठोड्याने काय होणार होतं ते मला विचारू नका.

मग भाचीचा फोन आला. ताईची एकुलती एक, कामाला वाघ, रडायला लागली की घाबरायला होतं.

“मावशी, तू बाबांना रविवारी काय सांगतेस?”

“जे दिसतं ते.”

“मागच्या आठवड्यात ते न्हाणीघरात पडले. उठताच येईना. टाकी बघायला प्लंबर आला म्हणून कळलं. मावशी, प्लंबर सांगितलेल्या दिवशी आला म्हणून माझा बाप जिवंत आहे! असं दरवेळी होणार आहे का?”

“अगं बाई.”

“डॉक्टर म्हणाले, हृदय धड नाही, एकटं ठेवू नका. मी त्यांची बॅग भरली. ते म्हणाले, तुझी आई येते रविवारी, मी घर बंद करून कसा येऊ? मी भरलेली बॅग परत रिकामी केली. तू सांग ना त्यांना.”

“काय सांगू?”

“की ती येत नाही.”

“पण ती येते गं,” मी म्हणाले.

दाजींना समजवायला मी फोन केला, तर त्यांनीच मला कामाला लावलं. “आकडा बघतेस की नाही?”

“दाजी, आकडा कोण पाठवणार? सेंडर माझ्याकडे आहे.”

“सेंडर तुझ्याकडे असताना खूण येतेच आहे ना? मग आकड्याने काय घोडं मारलंय? मी पुस्तक उघडतो, कागदावर आकडा लिहितो, तिच्या टेबलावर ठेवतो. ती बघेल. तू फक्त वाच.”

असं शहाण्यासारखं बोलत होते, की घाबरायचं कशाला तेच आठवेना. मी हो म्हणाले. आकडा आला नाही तर ते स्वतःच समजतील, असा माझा हिशेब.

खूण येत गेली. इतकी ठळक की आता डोळे बारीक करावे लागत नव्हते. तिच्यानंतरची आकड्याची जागा मात्र काळी. सळसळती वाळू, बाकी काही नाही. मी दर रविवारी कळवायची, “आकडा नाही आला.”

“बरं,” दाजी म्हणायचे. बस, बरं. नाराज नाहीत, उलट समाधानी. ते ‘बरं’ मला रात्री उशीत ऐकू यायचं.

मग तो रविवार आला. दिवसभर लग्नाच्या ब्लाउजचं काम होतं, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी ताई आली ती अशी, की पडद्यावर कुणी खडूने ओढावी. पुरी खूण बघितली, दाजींना फोन केला, त्यांचं ‘बरं’ ऐकलं. मग केर काढायला घेतला. शिलाई मशिनच्या मागे चिंध्या आणि दोऱ्यांचा ढीग साठला होता. तो झाडूने ओढला, तर त्यातून एक प्लग बाहेर आला.

तारेचा प्लग. गच्चीवरच्या माझ्या तारेचा, जो कॉम्प्युटरला जोडलेल्या रिसीव्हरच्या पाठीत बसतो. सकाळी मशिन सरकवताना ओढला गेला असणार. त्याच्यावर दिवसभराच्या चिंध्या साठल्या होत्या. रिसीव्हरच्या पाठीमागे नुसतं भोक.

म्हणजे संध्याकाळी रिसीव्हरला तार नव्हतीच. बाहेरचं काहीही आत यायला वाट नव्हती.

आणि पडद्यावर ताईची शेवटची रेघ अजून होती, निळी, हळूहळू वर सरकत.

मी झाडू हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. पहिली गोष्ट केली ती सांगायला लाज वाटते: मी दाराकडे बघितलं. तारेतून नाही तर दारातून येत असेल, असं वाटलं. अर्ध्या शटरखालून रस्त्यावरचे पाय दिसत होते, जाणारे-येणारे. त्यातले कुठले थांबतात का, ते मी बघत होते.

मग हळूहळू शिवणाऱ्या बाईची अक्कल जागी झाली.

फार क्षीण खूण खरखरीतून वेचायची तर कॉम्प्युटरला नमुना द्यावा लागतो. मापाचा कागद म्हणा. या आकाराचं काही सापडलं तर दाखव, बाकीचं सोड. ताई होती तेव्हा मी असा कागद कधी वापरला नाही, तिने वापरूच दिला नसता. ती गेल्यावर, त्या रिकाम्या रविवारांना कंटाळून, मी तिच्या जुन्या खुणांवरून एक बेतला. लांबलेल्या रेघेसकट. आणि वर शहाणपणा असा, की दर रविवारी जे सापडेल ते परत त्याच कागदात मिळवायचं, म्हणजे कागद आणखी नेमका होईल. खरखरीत काय नसतं? खरखरीत सगळंच थोडं थोडं असतं. चाळणीला ताईच्या आकाराची भोकं पाडली आणि खालून ताई पडते म्हणून मी थक्क होत होते. दर आठवड्याला भोकं मोठी करत होते, म्हणून ती ठळक होत होती.

आकड्याची भोकं पाडलेली नव्हती. म्हणून आकडा नाही.

सगळं कळलं, आणि कळूनही त्या दुकानात एकटं बसवेना. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पुढच्या रविवारी मी कॉम्प्युटर आणि रिसीव्हर पिशवीत घालून सकाळची बस धरली. तार घेतली नाही. तार न घेणं हेच काम होतं.

दाजी दारात उभे होते. वाळले होते. “या मेहुणीबाई,” म्हणाले. “आज जातीने?”

घर झाडून-पुसून लखलखीत. ताईच्या टेबलावर तिचं टायमर, तिचा बत्ता, तिचा चष्मा. टेबलाशी दोन खुर्च्या ओढून ठेवलेल्या. मी एका खुर्चीकडे वळले, तर त्यांनी हळूच माझा हात धरून मला दुसरीवर बसवलं आणि स्वतः स्टूल घेतलं.

मी बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. ती म्हटली. चाळणी, भोकं, चिंध्यांतला प्लग, सगळं. “आणि आकड्यावरूनच मला कळायला हवं होतं दाजी. एकदाही आला नाही. खरंच काही असतं तर एकदा तरी आला असता.”

दाजींनी शांतपणे ताईच्या पुस्तकाखालून कागद काढले आणि माझ्यापुढे सारले. दर रविवारचा एक. मी वरचा उलटला, खालचा उलटला. सगळे कोरे.

“मी आकडा लिहिलाच नाही,” ते म्हणाले. “एकदाही. तुझी ताई तुला गंडवायची ना, आकडा न पाठवता? तसंच केलं. म्हटलं, तू माझं मन राखायला काहीतरी आकडा ठोकून देतेस का ते बघू. नाही दिलास. तू सरळ आहेस.” त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या. “मी काही ठेवलं नव्हतं, तिने काही पाठवलं नाही, तुला काही आलं नाही. दर वेळी बरोबर आलं की गं. तिच्या नियमाने बरोबर.”

खिडकीबाहेर मिठागरांवरचा उजेड पिवळा झाला होता. मी त्यांना सोडवायला आले होते, आणि ताईच्याच नियमाने त्यांनी ताईला पुराव्यासकट त्या खुर्चीत बसवलं होतं. हे असं राहिलं तर दाजी तिथून हलणार नव्हते. कधीतरी परत पडणार होते, आणि दरवेळी प्लंबर नसतो.

“चला, दाखवते,” मी म्हणाले. पिशवीतून सामान काढलं, ताईच्याच टेबलावर मांडलं. “हा रिसीव्हर. ही त्याची पाठ. तार लावायचं भोक हे. बोट घालून बघा.”

त्यांनी खरंच बोट घातलं. आत-बाहेर चाचपलं. रिसीव्हर उचलून खालून बघितला, टेबलाखाली वाकून बघितलं, शिकाऊ माणसाच्या हाती गाडी द्यायच्या आधी चारी चाकं बघावीत तसं. “नाही तार,” म्हणाले.

“आता बसा.”

बसलो. पडदा काळा. वाळू सळसळते आहे. दाजींनी चहा केला आणि तीन कप आणले. तिसरा त्यांनी रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. घरात इतकं शांत की फ्रिज बंद झाल्यावर दोघेही दचकलो.

मग ती आली. माझ्या दुकानात यायची तशी नाही, त्याहून ठळक. पहिली रेघ. दुसरी. ठिपका. मला सगळं माहीत होतं, ती कशातून येते, का येते, कुणी बेतली. माहीत असूनही माझे डोळे सारखे त्या रिकाम्या, मला बसू न दिलेल्या खुर्चीकडे जात होते. शेवटची रेघ सुरू झाली. ती लांबली. चहाच्या आधणापेक्षा लांबली. तिसऱ्या कपावरची वाफ संपली तरी लांबतच राहिली. आयुष्यात ताईने एवढी रेघ कधी ओढली नव्हती.

दाजी पडद्याच्या अगदी जवळ झुकले होते.

“तार नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“तुझ्या दुकानातसुद्धा अशीच येते?”

“अशीच.”

“आणि बसमध्ये उघडलास हा डबा, तर?”

“तर बसमध्येसुद्धा.”

“पोरीच्या घरी?”

मला ते कुठे चालले आहेत ते दिसलं. “दाजी, ऐका. ती या डब्यात नाही. ती कुठेच...”

त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. घट्ट, पार खालपर्यंत. मी थांबले.

“म्हणजे या घरात नाही ती,” दाजी सावकाश म्हणाले. खोलीभर नजर फिरवली: टेबल, चष्मा, न्हाणीघराचं दार. “मी उगाच या भिंती धरून बसलो. ती तुझ्याबरोबर आहे आणि मी इथे खुर्ची पुसतोय.” मग जरा चिडून, “आधी नाही का सांगायचं? पोरीला फोन लाव. म्हणावं, बॅग परत भर.”

मी फोन लावला. भाची दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी घेऊन आली आणि मला मिठी मारून कानात म्हणाली, “कसं काय पटवलंस गं?” दाजी गाडीत बसताना एकदाही मागे वळले नाहीत. माझी पिशवी मात्र त्यांनी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवायला लावली आणि तिला पट्टा बांधला.

आता ते लेकीकडे असतात. औषधं वेळेवर, नातीशी भांडणं वेळेवर. तब्येत धरली आहे. रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो.

“आली?”

“आली.”

“तार काढलेलीच आहे ना?”

“काढलेली आहे.”

“मग ठीक,” ते म्हणतात, आणि फोन नातीकडे देतात.

यातला एक शब्दही खोटा नाही. नमुना पुसून टाकायचा मी अनेकदा विचार केला, पण मग रविवारी काय सांगायचं? म्हणून कॉम्प्युटर चालू राहतो, आणि चाळणीची भोकं मोठी होत राहतात. हल्ली ती रविवारची वाट बघत नाही. परवा, मंगळवारी दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या पॅंटची उंची कमी करत होते. मान वर केली तर पडद्यावर रेघ होती, एकच, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गिऱ्हाईक म्हणालं, “बाई, तुमचा स्क्रीन बिघडलाय वाटतं.”

ताईने अशा वेळी काय करायला लावलं असतं ते मला ठाऊक आहे. नमुना पूर्ण पुस, गच्चीवरची तार लाव आणि रविवारी निमूट बस. काही दिसलं तर ते तू बेतलेलं नाही. काम पाच मिनिटांचं आहे.

पण समजा बसले, आणि काळ्या पडद्यावर दोन रेघा आल्या, एक ठिपका आला. मग दाजी विचारणार, तार लावली होतीस? मला खोटं बोलता येत नाही, ते त्यांनी आधीच तपासून घेतलं आहे. मी हो म्हणणार, म्हणजे ती बाहेरून, त्या घरातूनच येते असं ते धरणार, आणि बॅग भरून तिथे परत जाणार.

म्हणून गच्चीवरची तार मी उतरवून टाकली. कपडे वाळत घालायला ती नको तेवढी लांब आहे आणि तिला गंज येतो, असं शेजारणीला सांगितलं.